काळ्या मातीत टप्पा पडत नाही

ऑगस्ट १९३६. बर्लिनला ऑलिंपिक भरले होते आणि अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे हुतूतू, खो-खो, मल्लखांबाची प्रात्यक्षिके दाखवत होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभ्या केलेल्या संस्थेची ही मुले. वऱ्हाडात ती सफर आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. त्याच बर्लिनमध्ये, त्याच दिवसांत आणखी एक खेळ ऑलिंपिकच्या पदकांसाठी पहिल्यांदा खेळला जात होता. बास्केटबॉल.

खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ स्वतः हजर होते. थंडीच्या दिवसांत पोरांना बंद हॉलमध्ये खेळता यावे म्हणून डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी हा खेळ रचला. बर्लिनकरांनी तो मांडला टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, उघड्या आभाळाखाली. १४ ऑगस्टला अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चिखल झाला, चेंडूचा टप्पाच पडेना. अमेरिकेने कॅनडाला हरवले, १९–८.

असा स्कोअर का होतो, हे वऱ्हाडातल्या क्रीडाशिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. अमरावती-अकोल्याची जमीन कपाशीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती बुटाला चिकटून वर येते. शाळांच्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात सुरू होतात. कबड्डीचे, खो-खोचे मैदान मुरूम टाकून सावरता येते; बास्केटबॉलला टणक, सपाट फरशीच लागते. अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण असते. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. या चढणीवर कोण किती वर जाणार, हे बऱ्याचदा शाळेच्या आवारातल्या सिमेंटवरच ठरून जाते.

आशियाई स्पर्धांचा इतिहासही हेच सांगतो. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. मोजक्याच खेळांच्या त्या स्पर्धेत हॉकी नव्हती. कबड्डीला पदकाची वाट १९९० च्या बीजिंगपर्यंत पाहावी लागली. बास्केटबॉल मात्र पहिल्या दिवसापासून होता. तिथे सुवर्ण जिंकले फिलिपिन्सने. हाच संघ बर्लिनमध्ये पाचवा आला होता. १९५४, १९५८, १९६२ अशी आणखी तीन सुवर्णे त्यांनी ओळीने नेली, आणि मग एकसष्ट वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला जॉर्डनला ७०–६० ने हरवून पुन्हा एकदा. फिलिपिनो माणूस काही उंचीसाठी प्रसिद्ध नाही. पण त्या देशात वस्तीवस्तीला बास्केटबॉलचे कोर्ट असते, देवळापुढच्या पारासारखे. संध्याकाळी सारी वस्ती तिथे जमते.

भारताच्या वाट्याला आशियाई खेळांत बास्केटबॉलचे एकही पदक आलेले नाही. ऑलिंपिकमध्ये भारत एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोला. त्या वर्षी अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता. सातही सामने हरलो. दक्षिण आशियात चित्र वेगळे आहे: २०१९ ला काठमांडूत पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णपदके भारताने घेतली. म्हणजे हात आहेत, सराव कमी पडतो.

विद्यापीठांच्या पातळीवर वऱ्हाड या खेळात टिकून आहे, ही मोलाची गोष्ट. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि आजच्या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये एका छत्राखाली आली. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशच्या संघांशी भिडतो, आणि ‘अश्वमेध’ या राज्याच्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात पुणे, मुंबई, नागपूरशी. तिथल्या मुलांना लहानपणापासून क्लब आणि पक्के कोर्ट जवळ असते. भारताकडून खेळलेली शिरीन लिमये पुण्याची, सिया देवधर नागपूरची. वऱ्हाडातल्या खेड्यातल्या मुलाच्या हाती हा चेंडू पुष्कळदा महाविद्यालयात आल्यावरच पडतो. अठराव्या वर्षी ड्रिबलिंग शिकून अश्वमेधला उतरणाऱ्या त्या मुलाचे कौतुक कमीच होते.

यावर एक उपाय आता समोर आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत तीन-तीन खेळाडूंचा बास्केटबॉल आला, पाठोपाठ टोकियोच्या ऑलिंपिकमध्येही. एकच बास्केट, दहा मिनिटांचा खेळ, आणि आधी एकवीस गुण करील तो संघ लगेच विजयी. संघात एकूण चौघे. कोर्ट पंधरा बाय अकरा मीटरचे, म्हणजे शाळेच्या प्रार्थनेच्या पटांगणाच्या एका कोपऱ्यात मावणारे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर अशा तालुक्याच्या गावी निदान एका शाळेत असे कोर्ट ओतले आणि दिव्याचे दोन खांब रोवले, तर जुलैच्या झडीतही पाऊस थांबल्यावर पाणी खराट्याने लोटून तासाभरात सामना सुरू करता येईल.