इसब, ‘नैसर्गिक’ मलमे आणि सिलतऱ्याची काजळी

इसब हा विकार जुनाच आहे. त्याच्या नावाने मांडलेला ‘नैसर्गिक’ उपायांचा बाजार मात्र दिवसेंदिवस वाढतो आहे. कडुलिंबाचा लेप, हळद-लिंबू, मुलतानी माती, खाण्याचा सोडा अशी यादी कितीही लांबवता येते. तिच्याखाली आश्वासन मात्र एकच असते : यात रसायने नाहीत, म्हणून अपाय नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या वाक्यातील ‘म्हणून’ या शब्दावरच बोट ठेवले पाहिजे.

कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार मराठीत आहे, कारण बिब्बा काय करतो हे मराठी माणसाला ठाऊक आहे. मध्य भारताच्या जंगलात वाढणारे हे फळ शंभर टक्के नैसर्गिक, आणि त्याचा चीक अंगावर फोड उठवतो. दुसरे उदाहरण गाजरगवताचे. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण पुढे देशभर पसरले, आणि त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे चेहरा, मान व हात यांवर होणाऱ्या चिवट त्वचादाहाने १९७० च्या दशकात पुणे परिसराला जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात स्थान मिळाले. तेही गवत निसर्गाचेच. उलट पेट्रोलियम जेली पाहा. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरींच्या दांड्यांवर साचणाऱ्या मेणचट गाळापासून ती प्रथम तयार झाली. याहून ‘अनैसर्गिक’ कूळ शोधूनही सापडणार नाही. तरीही कोरड्या त्वचेतील पाणी रोखून धरण्यात तिच्या तोडीचे पदार्थ थोडे. पदार्थाचे कूळ त्याचा गुण ठरवत नाही.

इसबात नेमके काय बिघडते? २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे अटोपिक इसबाचा धोका बराच वाढतो. हे प्रथिन त्वचेच्या बाह्य थराची बांधणी करते आणि त्यातील ओलावा टिकवते. ते कमी पडले की भिंतीला भेगा पडतात : पाणी बाहेर जाते, धूळ, जंतू व क्षोभक द्रव्ये आत शिरतात, दाह होतो, खाज सुटते, आणि खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्यावर सोड्याचा अल्कधर्मी लेप देणे किंवा लिंबाचे तीव्र आम्ल चोळणे, दोन्ही अपायकारकच.

यावर ‘आजीच्या बटव्याचा अपमान करता काय?’ असा प्रश्न हमखास येतो. अपमान नव्हे, परीक्षा. २०१४ मध्ये फिलिपिन्समध्ये इसबाच्या ११७ बालकांवर आठ आठवडे चाचणी झाली, आणि शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. कोकणातल्या आजीने समाधान मानावे असाच हा निकाल आहे. पण त्याच पद्धतीने ऑलिव्ह तेल २०१३ मध्ये तपासले गेले, तेव्हा ते त्वचेची भिंत कमकुवत करते असे दिसले. आणि मालिशीसाठी लोकप्रिय असलेल्या मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेची दुरुस्ती लांबवल्याचे २००२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तिन्ही तेले नैसर्गिक, निकाल मात्र वेगवेगळे. हा फरक परंपरेने नव्हे, चाचणीनेच कळला.

याहून गंभीर बाब फसवणुकीची. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे इसबाच्या बालरुग्णांकडची २४ ‘वनौषधी’ मलमे तपासली गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांतील २० मलमांत स्टेरॉइड आढळले, काहींत तर क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र. ‘चार दिवसांत गुण’ येण्याचे रहस्य असे असू शकते. आपल्याकडे तर स्टेरॉइडयुक्त मलमे औषधाच्या दुकानात सहज मिळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना चिठ्ठीविना विक्री बंद केली, तरी ती सवय सुटलेली नाही. इसब समजून नायट्यावर असे मलम चोळले की नायटा पसरतो. स्टेरॉइड हे इसबावरचे उपयुक्त औषध आहे, पण वैद्यकीय सल्ल्याने, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळ. डबीवर पान छापून ते लपवणे हा गुन्हाच होय.

मग रोजच्या सवयींना अर्थ नाही काय? निश्चित आहे. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ. तीव्र साबणाऐवजी सौम्य, सुगंधविरहित द्रव्य. अंग घासून न पुसता टिपून घेणे आणि लगेच भरपूर स्निग्ध मलम लावणे. सुती कपडे, कापलेली नखे. मलम महाग असण्याचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये ५५० बालकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम यांच्या परिणामात ठळक फरक दिसला नाही. नियमितपणे लावले जाईल ते मलम उत्तम. मात्र त्वचेवर पिवळी खपली, पू, ताप किंवा वेदनादायक फोड दिसले, तर घरगुती उपाय थांबवून त्वरित डॉक्टर गाठावा.

पण सवयींच्या या उपदेशालाही मर्यादा आहे, आणि ती पाहण्यासाठी रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गावरील सिलतऱ्यात जावे. कोळशावर चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या, आणि छतांवर, अंगणांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ. जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की प्रदूषक द्रव्ये त्वचेतील एका विशिष्ट ग्राहकाला चेतवतात, त्यामुळे आर्टेमिन नावाचे द्रव्य वाढते, मज्जातंतू त्वचेत वरपर्यंत फुटतात आणि खाज तीव्र होते. अशा हवेत राहणाऱ्या आईला ‘बाळाचे कपडे उन्हात वाळवा’ असे सांगताना सल्ला देणाऱ्याने क्षणभर थांबले पाहिजे. ते कपडे कोणत्या हवेत वाळणार आहेत?

कामगाराची अवस्था निराळी नाही. हाताचे ग्रीस रॉकेलने किंवा कपड्यांच्या पावडरीने काढणाऱ्याला कोरफडीचा गर सुचवणे ही थट्टा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ ने धुण्याची पुरेशी सोय करण्याचे बंधन मालकावर घातले, आणि रसायने व रंग यांच्या संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाला अधिसूचनीय रोगांच्या यादीत स्थान दिले. म्हणजे कामगाराच्या हातावरील इसब ही केवळ त्याची खासगी बाब नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे. ‘नैसर्गिक जीवनशैली’चा प्रचार नेमके हेच विसरायला लावतो : रोग तुझा, सवय तुझी, दोषही तुझाच.

म्हणून मागणी दुहेरी असावी. डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिणाऱ्याकडे आपण चाचणीचा अहवाल मागावा. आणि सिलतऱ्यासारख्या वसाहतींत धुराड्यांवरील धूळरोधक यंत्रणा रात्रीही चालू राहाव्यात, कामगारांना हातमोजे व सौम्य साबण मिळावा, आजूबाजूच्या गावांत त्वचारोगांचे सर्वेक्षण करून त्याचे आकडे जाहीर व्हावेत, असा आग्रह धरावा. स्निग्ध मलम रुग्णाने लावायचे. हवा स्वच्छ ठेवण्याचे काम त्याचे एकट्याचे नाही.

#इसब #त्वचाविज्ञान #सिलतरा #वैज्ञानिकदृष्टिकोन