खणातली खाण

दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली की घराघरांतील एक खण हमखास उघडला जातो. कुलूप हरवलेल्या किल्ल्या, चष्म्याच्या मोडक्या काड्या आणि त्यांच्या सोबतीला दोन-चार जुने मोबाइल फोन. एकाची काच तडकलेली, दुसऱ्याची बॅटरी फुगलेली, तिसरा धडधाकट, पण काळाच्या मागे पडलेला. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल,’ असे म्हणत खण पुन्हा लोटला जातो. तो ‘कधीतरी’ सहसा उजाडत नाही. खंडेनवमीला हातोडी-करवतीलाही फूल वाहणाऱ्या समाजात उपकरणाची अखेर अशी बेवारस व्हावी, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

वस्तुतः त्या खणात अडगळ नव्हे, खनिज साठलेले आहे. एका फोनमधील सोने ग्रॅमच्या जेमतेम तिसाव्या भागाइतके. परंतु सुमारे दहा हजार जुने फोन म्हणजे एक टन माल धरला, तर त्यातून ३०० ग्रॅमच्या आसपास सोने निघू शकते. खाणीतील एक टन दगडातून मात्र बहुधा काही ग्रॅमच हाती लागते. कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली, ती उत्खननाचा खर्च परवडेनासा झाला म्हणूनच. सोन्याखेरीज फोनमध्ये चांदी आणि तांबे असते. बॅटरीत कोबाल्ट आणि लिथियम. ही शेवटची दोन खनिजे भारताला जवळजवळ पूर्णपणे बाहेरून आणावी लागतात.

मनावर घेतले तर काय घडते, हे जपानने दाखवून दिले. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदके जुन्या उपकरणांतून मिळवलेल्या धातूंची होती. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जपानी नागरिकांनी ६२ लाखांहून अधिक मोबाइल दिले. इतर उपकरणांसह त्यांतून ३२ किलो सोने निघाले.

प्रश्न सोने निघते की नाही हा नाही. ते कोणत्या वाटेने निघते हा आहे. मुरादाबाद ही पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेली नगरी. तेथील अनेक घरांत पितळेच्या जागी संगणक आणि फोनच्या सर्किटच्या पाट्या आल्या. पाट्या निखाऱ्यांवर तापवून सुटे भाग वेगळे करायचे, उरलेल्या आम्लात बुडवायच्या, वायर जाळून तांबे काढायचे, अशी ही रीत. यात शिसे आणि विषारी धूर थेट कामगाराच्या फुप्फुसात जातो, आणि काम घरातच असल्याने लेकरांच्याही. काळी राख रामगंगेच्या काठी टाकली जाऊ लागली. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्याची दखल घ्यावी लागली. दिल्लीच्या सीलमपूरची कहाणी याहून निराळी नाही. एवढे सोसूनही धातूचा मोठा अंश वायाच जातो.

कायदा नाही, असे मात्र नाही. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार कंपन्यांवर पुनर्चक्रणाचे बंधन असून २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ते ७० टक्के, पुढे ८० टक्के आहे. नोंदणी मात्र चौघांचीच: उपकरणे बनवणारे, ती आपल्या नावाने विकणारे, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे आणि पुनर्चक्रण करणारे. दारोदार हिंडून माल गोळा करणारा भंगारवाला या चौकटीत कोठेच नाही. ज्याच्या पाठीवर हा व्यवहार उभा आहे, त्यालाच नियमाने उंबऱ्याबाहेर ठेवले आहे.

खरी गोम येथेच आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पुनर्वापराचा धडा कोणत्याही परिपत्रकाशिवाय गिरवत आली. भंगारवाला त्याच परंपरेतला. त्याला हुसकावून नव्हे, तर सामावून घेऊनच मार्ग निघेल. त्याने गोळा करावे, योग्य मोबदला घ्यावा आणि माल न फोडता नोंदणीकृत कारखान्याकडे सोपवावा. आम्ल आणि आग तेवढी त्याच्या हातून सुटली पाहिजे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचऱ्याचे संकलन करते. हे अशक्य नाही, याचा तो पुरावा.

कुटुंबाचे कर्तव्य त्यामानाने सोपे. चालू फोन आधी दुरुस्त करून वापरावा. नको असल्यास गरजूला द्यावा किंवा विकावा. त्याचे चार पैसे नक्की येतात आणि ते जितक्या लवकर द्यावे तितके अधिक, कारण खणात पडून फोनची किंमत वाढत नाही. पूर्ण बंद पडलेल्याचे फारसे मिळणार नाही. तो मोबदल्याची फार अपेक्षा न ठेवता अधिकृत केंद्रावर द्यावा. खासगी माहितीची भीती रास्त आहे. म्हणून सिम आणि कार्ड काढावे, खात्यातून बाहेर पडावे आणि सारी माहिती पुसूनच फोन हातावेगळा करावा. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही घरात ठेवू नये. ती दाबू वा टोचूही नये.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याचेही रीतसर पुनर्चक्रण झाले नाही, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. या डोंगरापुढे एका घरातील तीन फोन म्हणजे काहीच नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डोंगर झाला तो अशाच तीन-तीन फोनांचा. यंदा खण उघडला की तो रिकामा करूनच लोटावा. आणि त्यातील वस्तू कोणाच्या हाती जाते, तो हात सुरक्षित आहे ना, एवढे पाहावे.