सहनिवासाची सनद

आम्ही अकरा निवृत्त सहकाऱ्यांनी दिल्लीबाहेर एकत्र जमीन घेऊन उतारवय सोबतीने काढण्याचा बेत आखला आहे. घरे स्वतंत्र, स्वयंपाकघर, ग्रंथालय आणि शुश्रूषेची व्यवस्था सामाईक. डेन्मार्कमध्ये 1970 च्या दशकात रुजलेल्या सहनिवासाचीच ही आवृत्ती म्हणता येईल. पहिल्या बैठकीत समान मूल्यांचा मसुदा वीस मिनिटांत संमत झाला : साधेपणा, परस्परसाहाय्य, निसर्गाविषयी आदर. मग एका सहकाऱ्याच्या पत्नीने विचारले, ‘‘आपल्यापैकी कोणाला स्मृतिभ्रंश झाला तर रात्री कोण जागणार? आणि आपल्यामागे मुलाने घर विकायला काढले तर?’’ त्यानंतर तीन तास चर्चा झाली; निर्णय एकही झाला नाही.

परतीच्या वाटेवर मला ऑरोव्हिल आठवले. 28 फेब्रुवारी 1968 रोजी तेथे श्रीमाताजींची चार कलमांची सनद वाचली गेली. हे नगर कोणा एकाचे नसून समग्र मानवजातीचे आहे, हे तिचे पहिलेच कलम. याहून उदात्त मूल्य कोणते असणार? परंतु 1973 मध्ये माताजींचे निधन झाले आणि मालमत्ता ज्या संस्थेच्या नावे होती ती संस्था व तेथील रहिवासी यांच्यात नियंत्रणावरून तीव्र संघर्ष उभा राहिला. अखेर 1980 मध्ये केंद्राला आणीबाणीच्या तरतुदींचा कायदा करावा लागला, तो 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला आणि 1988 मध्ये ऑरोव्हिल प्रतिष्ठानाचा स्वतंत्र कायदा आला. वाद तरीही मिटले नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडे तोडली गेली तेव्हा दोन्ही बाजू संस्थापिकेच्याच स्वप्नाचा दाखला देत होत्या. मतभेद झाल्यास कोणी आणि कसे ठरवायचे, एवढे मात्र सनदेत नव्हते.

एकमताचा दुसरा, फारच सोपा मार्ग आपल्याकडे रूढ आहे : समान जन्म. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेचे सभासदत्व केवळ झरतुष्ट्री धर्मीयांसाठी राखलेले होते. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्यांना विकायची होती आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2005 मध्ये न्यायालयाने संस्थेचा उपविधी ग्राह्य धरला. संघटनास्वातंत्र्याचा आधार घेतला आणि बदल हवाच असेल तर तो विधिमंडळाने करावा, असे सुचवले. कायद्याच्या अंगाने हा युक्तिवाद भक्कम आहे. संख्येने घटत चाललेल्या लहानशा समाजाची धास्तीही मी समजू शकतो. पण तोच उपविधी बहुसंख्याकांच्या हाती पडला की शहरात घर शोधणाऱ्या कित्येकांना दारातूनच परत फिरावे लागते. सहकाराच्या तत्त्वांत खुल्या सभासदत्वाला अग्रस्थान आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

शिवाय जन्माने प्रश्न सुटतात, हाही भ्रमच. रात्री कोण जागणार यावरून एका रक्ताची एकत्र कुटुंबे फुटलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. (माझेही त्यांतलेच एक.)

म्हणून माझे मत असे की, मूल्यांची कसोटी आचरणावर असावी, वंशावर नव्हे. आणि ती जमिनीची इसाररक्कम देण्यापूर्वी लागावी. परस्परसाहाय्य म्हणजे महिन्याला किती रुपये आणि आठवड्याला किती तास? कोणते निर्णय एकमताने आणि कोणते बहुमताने? न पटल्यास बाहेर पडणाऱ्याला कोणत्या दराने परतफेड? ज्याला हे आकडे लिहिणे क्षुद्रपणाचे वाटते, त्याने अजून शेजाऱ्याबरोबर पाण्याची टाकी वाटून घेतलेली नाही. संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींत हे उतरले नाही तर मूल्यांचा तो सुंदर मसुदा वाद झाल्यावर निबंधकापुढे फारसा उपयोगाचा नाही. वारसांचा मुद्दा तर अधिकच बिकट : सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने घर नामनिर्देशिताच्या नावे केले, तरी वारसांचा मालकीहक्क त्याने संपत नाही, हे 2016 च्या निकालानंतर पुरेसे स्पष्ट आहे.

पुढील बैठक येत्या महिन्यात आहे. त्यासाठी वारसांविषयीचे कलम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते मी प्रथम माझ्या मुलीला वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी हरकत घेतली. त्यांतील एक मला मान्य करावी लागली.