टँकर, विमान आणि वर्ल्ड क्लास सोलापूर

मागच्या सत्रातली गोष्ट. कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले होते म्हणून संध्याकाळी लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममध्ये आमचा ग्रुप डिस्कशनचा सराव चालायचा. मी तशी लोकल, म्हणजे डे-स्कॉलर. पण मेसचा चहा आणि मैत्रिणी या दोन कारणांमुळे माझा अर्धा मुक्काम तिथंच असतो. त्या दिवशी चिठ्ठीतून विषय निघाला, 'मध्यम आकाराचे शहर जागतिक दर्जाचे होऊ शकते काय? सोलापूरच्या संदर्भात चर्चा करा.'

चर्चा मस्त रंगली. एकीनं सिंगापूर आणलं. दुसरीनं आयटी पार्क, तिसरीनं उड्डाणपूल. चौथीचं म्हणणं, आधी एक बरा मॉल तरी येऊ दे, मग बघू. सिंगापूरवाली अगदी बातम्या वाचल्यासारखी बोलत होती, 'इन्फ्रास्ट्रक्चर', 'व्हिजन', 'कनेक्टिव्हिटी'... तेवढ्यात खालून हॉर्न वाजला आणि जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "टँकर आलाऽऽ! काय करूलालाव बे आत बसून, बादल्या घ्या की!"

पंधरा सेकंदांत कॉमन रूम रिकामी. सर्वात पुढं कोण? सिंगापूरवाली! दोन हातांत दोन बादल्या.

आम्ही खूप हसलो त्या दिवशी. पण घरी जाताना सिटी बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. वीस मिनिटांच्या चर्चेत पाणी हा शब्द एकीच्याही तोंडून आला नव्हता. माझ्याही नाही. आणि मी तर सिव्हिलची!

आमचं घर पूर्व भागात. आमच्याकडं आठवड्याला सात वार नसतात, दोनच असतात, पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा दिवस. गेली कित्येक वर्षं नळाला पाणी तिसऱ्या, चौथ्या, कधी कधी पाचव्या दिवशी. पाण्याच्या दिवशी आई कुठंच जात नाही. लग्न असो, बारसं असो, मयत सुद्धा असो, घरातलं एक माणूस नळापाशी लागतंच. माझी दहावीची प्रिलिम आणि पाणी एकाच सकाळी आलं होतं. आई पहाटे साडेतीनला उठली, पिंपं भरली, मग मला उठवून डबा दिला. तिला हे सांगितलं की म्हणते, "त्यात काय विशेष? सगळ्याच उठतात." मला तेच विशेष वाटतं. एका शहरातल्या हजारो बायका पहाटे एकाच कामासाठी जाग्या आहेत आणि या कामाचा हिशोब कुठल्याही विकास आराखड्यात नाही.

तुम्ही म्हणाल, सोलापूर म्हणजे दुष्काळी भाग, पाणी आणायचं कुठून? मलाही शाळेत असंच वाटायचं. मग एकदा हायड्रॉलिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. सोयीसाठी दहा लाख धरू. माणशी रोज १३५ लिटर म्हणजे रोजचे साडेतेरा कोटी लिटर आणि वर्षाचे साधारण ४,९२८ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या शहराला वर्षभर लागणारं पाणी पावणेदोन टीएमसी! वाटेत आणि गळतीत ४० टक्के गेलं असं धरलं तरी आकडा तीनच्या आत राहतो. आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या उजनी धरणाचा नुसता उपयुक्त साठा आहे साधारण ५३ टीएमसी. मृतसाठा वेगळाच, तो त्याहून मोठा. (उजनी हे मृतसाठ्यासाठी प्रसिद्ध असलेलं बहुधा एकमेव धरण असावं. 'वजा अमुक टक्के' ही बातमी आपण उन्हाळाभर वाचतो.)

हे गणित मी तीनदा तपासलं, कारण उत्तर चुकलंय असंच वाटत होतं. चुकलेलं नव्हतं. धरणात पाणी आहे. धरणापासून आमच्या पिंपापर्यंत ते नीट येत नाही, एवढीच भानगड आहे.

येतं कसं? एक पाइपलाइन थेट उजनीहून येते, शंभराहून जास्त किलोमीटर. थोडं पाणी हिप्परग्याच्या एकरुख तलावातून, तो इंग्रजांच्या काळातला. आणि तिसरी वाट म्हणजे भीमा नदी. उजनीतून नदीत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वाहत खाली औज बंधाऱ्यात येऊ द्यायचं आणि टाकळीला उपसायचं. नदी काही आपल्या शहराची खाजगी पाइपलाइन नव्हे. वाटेत ऊन आहे, वाळू आहे, शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत आणि शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. परिणाम असा की शहराला प्रत्यक्ष लागतं त्याच्या कित्येक पट पाणी सोडावं लागायचं. समांतर जलवाहिनी हा शब्द मी सातवीत असल्यापासून ऐकतेय. तिनं नदीची ही वाट वाचवली तर मोठं दुखणं जाईल, यात शंका नाही.

पण सगळं दुखणं जाणार नाही. कारण खरी मेख शहराच्या आत आहे आणि इथं जरा इंजिनिअरिंग बोलू द्या. चार दिवसांआड पाणी दिलं की पाणी वाचतं, असा आपला गोड गैरसमज. पाच माणसांच्या घराला चार दिवसांचं २,७०० लिटर साठवावं लागतं. ज्याच्याकडं हौद, टाकी आणि मोटार आहे तो साठवतो. जो एका खोलीत भाड्यानं राहतो तो दोन पिंपं आणि घरातली सगळी पातेली भरतो. नवीन पाणी आलं की आधीचं उरलेलं 'शिळं' म्हणून गटारात! पाणीसुद्धा पोळीसारखं शिळं होतं हे फक्त आपल्याकडं. मधले तीन दिवस पाइप रिकामा, त्यात दाब नाही. शेजारून गटार जात असेल आणि जॉइंट सैल असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. मग पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी, आणि पावसाळ्यात गल्लीत कावीळ. वर प्रत्येकजण थेट नळाला मोटार लावणार, म्हणजे टोकाच्या घराला हवाच मिळणार. पाइप कायम भरलेला असेल तर यातलं बरंचसं आपोआप थांबतं. पण पाइप कायम भरलेला ठेवायचा तर गळती शोधायला हवी, मीटर बसवायला हवेत, आणि कोण किती वापरतो ते लिहायला हवं. उद्घाटनाची फीत कापता येईल असं यात काहीच नाही. सगळं जमिनीखाली.

"हे फक्त श्रीमंत देशांना जमतं," असं त्या चौथीनं मला नंतर चहा पिताना सुनावलं. म्हणून एक उदाहरण सांगते, तेही सिंगापूरचं नव्हे. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९७५ ते ७९ या काळात ख्मेर रूज राजवटीनं हे शहर अक्षरशः रिकामं केलं होतं. १९९३ मध्ये एक सोन चान नावाचा इंजिनिअर तिथल्या पाणीपुरवठा खात्याचा प्रमुख झाला तेव्हा दिवसातले दहा तास पाणी आणि तेही थोड्याच लोकांना. १०० लिटर सोडलं तर ७२ लिटरचा पैसा मिळत नव्हता. काही गळायचं, काही चोरीला जायचं. या माणसानं पाइप बदलले, घरोघर मीटर बसवले आणि बिल सगळ्यांना सारखं लावलं, बड्या लोकांनाही. एका लष्करी अधिकाऱ्याकडं मीटर बसवायला गेल्यावर त्यानं याच्यावर पिस्तूल रोखलं. हा परत गेला, बंदोबस्त घेऊन आला आणि जोडणी तोडली! बाहेरच्या देशांची कर्जं आणि मदत मिळाली हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण मदत आपल्याकडंही येते. पुढच्या पंधराएक वर्षांत तिथं चोवीस तास पाणी आलं आणि वाया जाणारं प्रमाण ७२ वरून ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं. २००६ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि इतक्या लांब कशाला, आपल्या कराडला खेटून असलेल्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी दिलंच की. लहान गाव आहे, मान्य. पण पाइपला गावाचा आकार कळत नाही, दाब कळतो.

आता विमानाकडं येते, नाहीतर लोक म्हणतील ही विकासाच्या विरोधात आहे. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तो दिवस अख्ख्या शहराला आठवतो. होटगी रोडच्या धावपट्टीला तिचा अडथळा होता. अर्धं शहर खूश, अर्धं शहर रडलं. माझ्या मामांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, त्यामुळं आमच्या घरात दोन्ही पार्ट्या होत्या. २०२५ मध्ये आधी गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. पहिलं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मीसुद्धा गच्चीवर पळाले. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. आमच्या गच्चीवरच्या टाकीत त्या दिवशी पाणी नव्हतं, पण छान वाटलं.

स्मार्ट सिटीचंही तेच. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी आली, त्यात महाराष्ट्रातली दोनच, पुणे आणि सोलापूर! पेढे वाटले होते. होम मैदान झालं, पार्क स्टेडियम झालं, सुंदर दिसतंय, मी स्वतः तिथं भेळ खाल्लीय. २०२५ च्या मार्चमध्ये ती योजना संपलीसुद्धा. मुंबईचं शांघाय करायची घोषणा २००४ च्या सुमाराची, आमच्या जन्माच्या आसपासची. घोषणांना पाणी लागत नाही, त्यामुळं त्या कुठंही उगवतात.

एक मात्र मला मनापासून पटतं. सोलापूर मोठं होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्याला सोलापूर माहीत नाही. १८७७ मध्ये इथं जुनी गिरणी उभी राहिली. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून व्यापारी आले, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत नांदल्या. १९३० मध्ये या शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १९३१ च्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेले. विमान नसताना इथला टॉवेल जगभर गेला. अलीकडं कुंभारीला रेनगरमध्ये विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत उभी करायला घेतली, त्यातली १५,००० घरं २०२४ च्या जानेवारीत दिली गेली. विडी वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्याशिवाय ते झालं नसतं. म्हणजे मोठं काम करायची धमक इथं आहे. रोजचं बारीक काम रोज करायची आपल्याला कंटाळा येतो.

आणि त्या कंटाळ्याची किंमत कोण देतं? सोमवारी पहाटे स्टेशनवर जाऊन हुतात्मा एक्स्प्रेस बघा. डबेच्या डबे भरून आपले सीनियर्स पुण्याला चाललेले. चादरी आणि टॉवेलनंतर सोलापूरची मोठी निर्यात म्हणजे आपण. नोकरी तिकडं आहे हे कारण खरंच आहे. पण माझ्या चुलतभावाला इथं नोकरी होती. त्याच्या बायकोनं लग्नानंतर दोन वर्षं पाण्याचे दिवस मोजले आणि मग म्हणाली, पुण्याला जाऊ. कुठल्या कंपनीच्या सर्व्हेत ही नोंद येईल?

मला पण ऑफर लेटर आलंय, पुण्याचं. घेणार आहे. घरची परिस्थिती पाहता नाही म्हणायची चैन मला परवडणारी नाही. पण जायच्या आधी सहा महिने हातात आहेत. आपल्या कॉलेजात दर वर्षी पन्नासेक प्रोजेक्ट होतात आणि त्यातले निम्मे गेल्या वर्षीच्या सीडीतून उतरतात, हे सरांनाही माहीत आहे (सर, राग मानू नका). आम्ही तिघींनी ठरवलंय, आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांत पाण्याच्या दिवशी दाब मोजायचा, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कोण किती भरतं, किती ओततं, सगळं लिहायचं. सुरुवात मात्र होस्टेलपासून. कारण टँकरसाठी धावणाऱ्या त्याच होस्टेलच्या गच्चीवरची टाकी रात्री भरून वाहते. बॉलकॉक तुटलाय, आणि ओव्हरफ्लोचं पाणी मागच्या भिंतीवरून थेट बॅडमिंटन कोर्टात. मी दोन वेळा मोजलं, पहिल्यांदा तासाला १८ बादल्या, दुसऱ्यांदा २१.

रेक्टर मॅडमची परवानगी मिळाली आहे, प्रेशर गेज लॅबमधून मिळतोय. सेकंड इयरच्या दोघी-तिघी हव्या आहेत, कुठल्याही ब्रँचच्या चालतील. शनिवारी रात्री साडेनऊला गच्चीवर या. येताना बादली आणा.

(अंतिम वर्ष, स्थापत्य)