गुंडपट आणि आपली सोवळी समीक्षा

गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपट हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे आपल्याकडे कोणी उघडपणे म्हणत नाही. तसे केवळ वागले जाते. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा मराठी कथेच्या इतिहासात बसते. तिच्यावरून गोविंद निहलानींनी १९८३ साली केलेला 'अर्धसत्य' मात्र सिनेमावाल्यांच्या हवाली होतो. वस्तुतः त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि त्यातील कविता दिलीप चित्र्यांची. सदाशिव अमरापूरकरांनी उभा केलेला रामा शेट्टी हा गुंड मराठी लेखणीच्या इतक्या जवळ जन्मला असताना मराठी समीक्षेने त्याला परका का मानावे?

या उपेक्षेच्या मुळाशी सोवळेपणा आहे. गुंडपट पाहून तरुण बिघडतात, ही तक्रार जुनी आहे आणि केवळ आपलीच नाही. 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' या ब्रिटिश गुंडपटावर १९४८ साली तिकडच्या समीक्षकांनी अशीच आग पाखडली होती. परंतु ब्रिटिश अभ्यासक तेथेच थांबले नाहीत. मूळ कादंबरीवर ऑर्वेलने १९४४ मध्येच गंभीर निबंध लिहिला होता. पुढे १९९९ साली स्टीव्ह चिबनॉल आणि रॉबर्ट मर्फी यांनी ब्रिटिश गुन्हेपटांवरील लेखांचा संग्रह संपादित केला. 'गेट कार्टर' (१९७१) पाहताना न्यूकॅसलचा पडका औद्योगिक परिसर दृष्टीआड करता येत नाही. 'द लाँग गुड फ्रायडे'मधील (१९८०) टोळीनायक तर लंडनच्या ओस पडलेल्या गोद्यांवर नवे शहर उभारण्याची स्वप्ने पाहतो. गुंडाची कथा ही तेथे जमिनीची आणि गेलेल्या रोजगाराची कथा होते.

आपल्याकडे हे सारे अधिक उघड आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) त्या उद्ध्वस्त घरातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये बुडतो, एक गुंडगिरीकडे वळतो. महेश मांजरेकरांनी त्यावरून २०१० साली 'लालबाग परळ' केला, तेव्हा गिरण्यांच्या जागेवर मनोरे उभे राहत होते. गुंड कोणत्या भुईतून उगवतो, याचे उत्तर या नाटकात आहे. आपण मात्र हिंसा किती आणि शिव्या किती, हेच मोजत राहतो! आणि ज्यांना सोवळेपणाचा कंटाळा आहे, ते तरी काय करतात? कपोला आणि स्कोर्सेसी यांच्याशी तुलना करून मोकळे होतात. भिकू म्हात्रेला न्यूयॉर्कचे नातेवाईक शोधून देण्यात कसली आली समीक्षा?

नातेवाईक शोधायचेच तर बुंदेलखंडात शोधावेत. झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या, बेतवा आणि धसान यांच्यामधल्या टापूत मुंबईचा 'भाई' लागू पडत नाही. त्या बाजूचा नायक म्हणजे 'बागी'. चंबळ-बुंदेलखंडातील हा शब्द दरोडेखोराला बंडखोर ठरवितो. शेजारच्या जालौन जिल्ह्यातील फूलनदेवीवर शेखर कपूरांनी 'बँडिट क्वीन' (१९९४) काढला, तेव्हा अरुंधती रॉय यांनी जिवंत स्त्रीवरील बलात्कार तिच्या संमतीवाचून पडद्यावर दाखविण्याच्या अधिकारालाच आव्हान दिले. समीक्षेने एवढे धारदार व्हावे.

बागी आणि भाई यांच्यातील धागा मेहबूब खानांच्या 'मदर इंडिया'त (१९५७) सापडतो. सावकाराच्या वहीने पिचलेला बिरजू दरोडेखोर होतो आणि आईच त्याला गोळी घालते. बेचाळीस वर्षांनंतर 'वास्तव'मध्ये पावभाजीच्या गाडीपासून गुंडगिरीपर्यंत पोहोचलेल्या रघूचा अंतही आईच्याच हातून होतो. मधल्या काळात शेताची जागा चाळीने घेतली आणि सावकाराची जागा कोणी घेतली, हे मात्र मांजरेकर पुरते सांगत नाहीत. 'मदर इंडिया'तली आई गावाच्या अब्रूसाठी बंदूक उचलते. रघूच्या आईपाशी राखण्याजोगे गाव उरलेले नाही. मग ती कोणासाठी मारते? हा प्रश्न मराठीच्या एखाद्या प्रबंधात विचारला जायला हवा.