सुई टोचण्याआधी
टिपू सुलतानाच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले. १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत छापली. आता चेहरा खुलवायला बऱ्याचदा चाकूऐवजी सुईच पुरते, म्हणून लोक निर्धास्त. पण भुवयांमध्ये किंवा नाकाजवळ त्वचेखाली भरण्यासाठी टोचलेले फिलर धमनीत शिरले, तर डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. अल्ट्रासाउंडवर धमन्या आधी पाहता येतात. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर हायल्युरोनिडेज या औषधाने विरघळते. गेलेली दृष्टी मात्र परत येईलच असे नाही. हे औषधही जवळ नसलेल्या पार्लरमध्ये (हो, पार्लरमध्येच!) सुया टोचल्या जात असतील, तर आरोग्य खाते तपासणीला कधी निघणार?