राजीनामा द्यावा, पण कशासाठी?

घरातील पहिला मुलगा शिक्षक झाला म्हणजे आपल्या समाजात त्या घराची कळाच बदलते. राजूर हे वणी तालुक्यातील गाव. कोळशाच्या खाणीत व चुन्याच्या भट्टीवर ज्यांच्या वाडवडिलांनी हाडांची काडे केली, त्यांच्या घरी दरमहा ठराविक पगार येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या एका पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, आईचे औषधपाणी आणि सावकाराचे देणे अशी चार ओझी टेकलेली असतात. आजही नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. एवढे सोसून कायम झालेला मुलगा एके दिवशी ‘मी राजीनामा देतो’ म्हणाला, तर आईच्या डोळ्यांत पाणी येणारच. तिला कोणी दोष देऊ नये.

परंतु मुलाचेही म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. त्याला पुढे शिकावयाचे असते, वकिली करावयाची असते, किंवा समाजाच्या कामाला सर्व वेळ द्यावयाचा असतो. पगार मिळतो, पण मन भरत नाही, असे तो म्हणतो. हा चैनीचा विचार आहे काय? आमच्या मते नाही. मात्र तो विचार कसोटीला लावून पाहिला पाहिजे, आणि ती कसोटी शोधण्यास आपणांस दूर जावयास नको.

पूज्य बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राज्यीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, त्या काळी मोठाच. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना आवडीने येत. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी घेऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतलीच. पण त्यांनी नोकरी सोडली ती या अपमानामुळे नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले होते. तो पुरा करण्यासाठी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. नोकरी धरली तीच मुळी पैसा साठविण्यासाठी. म्हणून घरखर्चाला रमाबाईंच्या हाती ठराविक रक्कम देऊन उरलेला पैसा ते बाजूला ठेवीत. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली. जुलैमध्ये ते लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज होते.

यातून तीन गोष्टी निघतात. नोकरी सोडण्यापूर्वी पुढचे काम ठरलेले होते. त्याला मुदत होती. आणि मधल्या काळाची तरतूद शक्य तेवढी केलेली होती. कंटाळा आला म्हणून दिलेला राजीनामा आणि हा राजीनामा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या त्यागाची किंमत एकट्या बाबासाहेबांनी दिली असे मात्र नव्हे. ते लंडनच्या ग्रंथालयात अर्धपोटी बसून वाचीत होते, तेव्हा परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसाराचा गाडा ओढीत होत्या. १९२३ साली बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी पुढे त्यांना डी.एस्‌सी.ही मिळाली, त्या पदव्यांत रमाबाईंचाही वाटा आहे. म्हणून नोकरी सोडू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणास आम्ही विचारतो : घरातील स्त्रीला तुम्ही विचारले काय? तिच्यापुढे हिशेब मांडला काय? की निर्णय घेऊन मग तिला नुसते कळविले? समतेची गोष्ट सभेत सांगावयाची आणि घरात हुकूम सोडावयाचा, हे आपल्याला शोभणारे नाही.

दुसरी एक गोष्ट. नोकरी सोडली तरी बाबासाहेबांनी शिकविणे सोडले नाही. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. पुढे १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. एका वर्गातून बाहेर पडलेल्या शिक्षकाने हजारो मुलांसाठी वर्ग उघडले. तेव्हा राजूरचा शिक्षक वकील होवो वा कार्यकर्ता, संध्याकाळी विहारात दहा मुले घेऊन बसण्याचे त्याने सोडू नये. आणि जो शाळेतच राहू इच्छितो, त्याने आपले जीवन कमी सार्थ आहे असे मुळीच मानू नये. पोरांना अक्षर शिकवून त्यांची मान ताठ करणे यापरती सम्यक आजीविका कोणती?

जुने सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली, आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये २१ वर्षे गेली. त्या वर्षांत त्यांनी अभ्यास केला, तोलून पाहिले, लोकांना तयार केले. दोनच दिवसांनी चांद्यालाही दीक्षा झाली. राजूरपासून ते गाव काही दूर नाही. आपले आजे-पणजे जुने टाकून निघाले, ते कोठे जावयाचे हे जाणून निघाले.

बंधु-भगिनींनो, राजीनाम्याचा कागद लिहिण्यास एक घटका पुरते. त्यापूर्वीची तयारी दोन वर्षांची असू द्या. मग आईच्या डोळ्यांत पाणी आले तरी तिचा हात तुमच्या पाठीवर राहील.